वर अजून ग्रहण आहे

आमच्या सुनेला संध्याकाळी गच्चीवर जाऊन आकाशातून जाणारे उपग्रह बघायचा नाद आहे. नाद म्हणजे नुसती हौस म्हणून मान वर करणं नव्हे. कुठला कधी येणार हे तिच्या फोनमध्ये असतं. तो कुठून उगवतो, किती झळकतो, जवळच्या कुठल्या ताऱ्याइतका दिसतो, हे सगळं ती नीट बघते आणि तिच्यासारख्याच नादिष्ट लोकांच्या ग्रुपवर टाकते. त्यात कुणी नाशिकचा, कुणी बेळगावचा, एक आजोबा तर भूजचे. एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं होतं, गच्चीची चावी कुणाकडे असते? मी मनात म्हटलं, अगं बाई, नव्या नवरीला गच्ची कशाला हवी? वाळवणं घालणारी तर दिसत नव्हती.

मी तिच्याबरोबर जायला लागले ते काही आवडीने नाही. तिन्हीसांजेला तरण्या पोरीने एकटीने गच्चीवर जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. शांती नगरातल्या गच्च्या काही बसायला केलेल्या नसतात. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, कुणाच्यातरी विसरलेल्या जीन्स, आणि कबुतरांनी केलेली घाण. त्यातच एक प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मी जपाची माळ घेऊन बसायचे आणि ती वर बघायची. पंधरा-वीस दिवसांत माळ मांडीवर पडून राहायला लागली आणि मीही वर बघायला लागले. जळो मेलं, एकदा डोळ्याला सवय लागली की मान खाली येत नाही.

त्यात माझे डोळे चांगले निघाले. आयुष्य टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेलं, त्यामुळे कान कामातून गेलेत, पण मोतीबिंदू वेळेवर काढून घेतला आणि लांबचं मला सुनेपेक्षा स्वच्छ दिसतं. ती चष्मा पुसेपर्यंत मी सांगून मोकळी, आला बघ राई गावाच्या बाजूने. मग तिने मला पद्धत शिकवली. उपग्रह किती तेजस्वी हे असंच सांगायचं नाही, ताऱ्याशी नाहीतर ग्रहाशी ताडून सांगायचं. अभिजितपेक्षा जास्त, गुरूपेक्षा कमी, असं. डाळीत मीठ किती हे आपण कालच्या डाळीशीच ताडतो ना, तसंच ते. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण मला शिकवताना कधी मास्तरीण झाली नाही. मी चुकले तर मात्र हसायची, आणि मीही तिला चष्म्यावरून चिडवायची संधी सोडायची नाही.

सगळ्यात मोठं ते अंतराळस्थानक. त्यात माणसं राहतात हे कळल्यापासून माझा जीव त्याच्यात अडकला. मीरा रोडवरून सहा मिनिटांत भुर्रकन निघून जातं, आणि आतल्यांच्या घरी कुणीतरी जेवायचं थांबलेलं असणार. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी चक्क हात जोडले होते. रात्री सुनेने ते नवऱ्याला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी माझा लेक विचारत होता, आई, आज आरती किती वाजता?

असं छान चाललं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले, आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की असं होतं, ह्यात कुणाचा दोष नसतो. पण दोष काढणाऱ्यांना डॉक्टर लागत नाही. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण मला लिफ्टपाशी भेटली आणि आवाज बारीक करून म्हणाली, “शाम को छत पे जाती थी ना बहू, इसलिए हुआ.” माझं हिंदी मोडकंतोडकं, पण त्या दिवशी कुठून आलं देव जाणे. मी म्हटलं, “हमारे घर का हम देखेगा, आप जाके अपना दूध देखो, उतू जाता होगा.” त्यानंतर नवरात्रापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही आणि मला त्याचं काडीचं दुःख झालं नाही.

दुःख ह्याचं झालं की सून माझ्या मागेच भाजीची पिशवी घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. घरात येऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि भाजी निवडायला बसली. पण त्यानंतर कित्येक महिने ती गच्चीवर गेली नाही. फोनवर उपग्रहाची वेळ वाजायची, ती आवाज बंद करून पोळ्या लाटत राहायची. शेवटी मीच एकदा वॉचमनकडून चावी आणली आणि म्हटलं, चल गं, माझे डोळे गंजायला लागले. तेव्हा कुठे आली. आली, पण दाराशी एक क्षण थांबून मग पाऊल टाकायची. ते थांबणं मला रोज दिसायचं.

पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. ह्या वेळी घरात कुणी पेढे वाटले नाहीत, सगळे जपून पाय टाकत होते. आणि नेमकी त्याच वर्षी दिवाळी विचित्र आली. लक्ष्मीपूजन झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याच्या ऐवजी सूर्यग्रहण. तेही साधं नाही. सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच मावळणार. पंचांगात ह्याला ग्रस्तास्त म्हणतात.

त्या ग्रहणाची ती श्रावणापासून वाट बघत होती. दिवस राहिल्याचं कळायच्या आधीपासून. मला समजावून सांगताना तिचे डोळे असे लकाकायचे की मला अर्धं कळलं नाही तरी मी हो हो म्हणायचे. मग एकदा गच्चीवर उभं करून तिने दाखवलं. आपल्या बिल्डिंगवरचं ऊन गेलं तरी तिकडे बेव्हर्ली पार्कच्या टॉवरच्या वरच्या खिडक्या अजून चमकताहेत, बघा. तसंच उपग्रहांचं. आपल्याकडे सूर्य मावळतो, पण ते इतके उंच असतात की त्यांना ऊन मिळत राहतं, म्हणून तर संध्याकाळी ते दिसतात. आता त्या दिवशी त्यांना दिसणारा सूर्यच चंद्राने कुरतडलेला असेल, तर त्यांच्यावर पडणारं ऊनही कमी. म्हणजे ते रोजच्यापेक्षा मंद दिसणार. मी विचारलं, म्हणजे त्यांनाही ग्रहण लागतं? ती म्हणाली, लागतं ना, आई. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावरसुद्धा वर थोडा वेळ चालूच असतं.

आणि त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात अंतराळस्थानक राईच्या अंगाने येऊन आमच्या डोक्यावरून जाणार होतं. नाशिकवाल्याच्या आड डोंगर, बेळगावहून ते फारच खाली दिसणार, भूजच्या आजोबांकडे तेव्हा अजून लख्ख उजेड. त्यांच्या सगळ्या ग्रुपात ते नीट दिसण्यासारखं ठिकाण एकच होतं, आमची कबुतरांची गच्ची.

मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करून बसले होते. आम्ही रत्नागिरीकडचे, आमच्याकडे गरोदर बाईला ग्रहण पाळावंच लागतं. विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही, आडवं पडून राहायचं, आणि बाहेर तर बघायचंच नाही. मी बाकी कशाचा आग्रह धरत नाही. उपासतापास मी केव्हाच सोडले. पण ह्याचा धरणार होते. ती शिकलेली, ती वाद घालणार, मग मी काय म्हणायचं, ते सगळं मी भांडी घासता घासता पाठ केलं होतं.

आणि चकल्या तळताना तीच म्हणाली, “आई, त्या दिवशी मी वर जाणार नाही. तुम्ही म्हणाल ते सगळं पाळीन.”

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, तो घाणा तळून होईपर्यंत. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. मी विचारलं, तुझा ह्याच्यावर विश्वास आहे का? ती झाऱ्यावर चकल्यांचं तेल निथळवत उभी राहिली आणि म्हणाली, “विश्वास नाहीये. भीती वाटते.”

विश्वासाशी भांडता येतं, भीतीशी कसं भांडायचं? लिफ्टपाशी ऐकलेलं ते एक वाक्य तिने एवढे महिने आत जपून ठेवलं होतं. मागच्या खेपेला आपण वर जात होतो म्हणून ते गेलं, असं तिला वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर तिने हसून उडवून लावलं असतं, वर्गातल्या पोरांना तर चांगलं झापलं असतं. पण वाटत होतं. मी त्या रात्री देवापुढे दिवा लावला तेव्हा स्वतःसाठी काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं की ह्या पोरीच्या मनातून ते काढ.

देवाने काही ताबडतोब काढलं नाही. म्हणून मीच पंचांग काढलं. आणि दोन दिवस आधी मला त्यात वाट सापडली. ग्रस्तास्त ग्रहणात सूर्य मावळला की आपल्यापुरतं ग्रहण संपलं, कारण जे ग्रहण दिसत नाही त्याचे नियम पाळायचे नसतात. आणि अंतराळस्थानक येणार होतं सूर्य मावळल्यावर. म्हणजे नियमही पाळला जाणार आणि पोरीला तिचं ते बघायलाही मिळणार, एका दगडात दोन पक्षी. मी इतकी खूश झाले की कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, त्या दिवशी आयत्या वेळी सांगू आणि तिचं तोंड बघू.

ग्रहणाच्या दिवशी मी सकाळपासून फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं ठेवली, दह्यावर ठेवलं, लोणच्यावर ठेवलं. लेक विमानतळावर कामाला, त्याची दुपारपाळी होती. त्याने फोन करून विचारलं, आई, फ्रीजवर एक मोठं पान ठेवलंस का? मी त्याला म्हटलं, तुझ्या तोंडावर ठेवायला हवं. सून आतल्या खोलीत पडदे ओढून उताणी पडली होती, हात सरळ, पाय सरळ. मी मधून मधून डोकावायचे. ती छताकडे बघत असायची. पंखाही तिने बंद ठेवला होता, तो तर नियमातही नाही. बिल्डिंग अशी चिडीचूप की दिवाळी आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

सूर्य मावळला आणि सगळ्या बिल्डिंगचे नळ एकदम सुटले. ग्रहण सुटल्याची आंघोळ प्रत्येकाला त्याच मिनिटाला करायची होती. आमच्या नळाला करंगळीएवढी धार. तशातच मी कसंबसं डोक्यावरून पाणी घेतलं, तिलाही घ्यायला लावलं, आणि मग ऐटीत सांगितलं की सुटलं ग्रहण, पंचांगच म्हणतंय, ऊठ आता, चल वर, ते तुझं यायची वेळ झाली.

तिचा चेहरा फुलेल असं मला वाटलं होतं. ती पलंगावर ओले केस पुसत होती, ती पुसायची थांबली.

“आई, वर अजून ग्रहण आहे.”

मी म्हटलं, असेना का, आपल्याला कुठे दिसतंय? न दिसणाऱ्या ग्रहणाचं सूतक नाही.

“पण मी वर गेले तर मला ते दिसणारच आहे,” ती म्हणाली. “तेच तर बघायचं होतं.”

कप्पाळ माझं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. न दिसणारं ग्रहण पाळायचं नाही हे खरं, पण ते स्थानक मंद झालेलं पाहिलं म्हणजे ग्रहणच पाहिलं की. आरशात पाहिल्यासारखं. ती थाप मारू शकली असती, चटकन चप्पल घालून वर पळाली असती तर मला कळलंही नसतं. पण ती खरं बोलली, आणि माझी इकडे आड तिकडे विहीर झाली.

मी आमच्या गुरुजींना फोन लावला. भाईंदरला राहतात, आमची वास्तुशांत त्यांनीच केली. ते नुकतेच आंघोळ करून बाहेर निघायच्या घाईत होते. आधी त्यांनी विचारलं, उपग्रह म्हणजे टीव्हीचा का? मग त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, शास्त्रात सूर्यबिंब सांगितलंय, चंद्रबिंब सांगितलंय, यंत्राचं कुठे काही सांगितलेलं नाही. जिथे शास्त्र गप्प तिथे कुलाचार चालतो, आणि कुलाचार घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगायचा. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. घरातली वडीलधारी बाई मीच. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, हेही गेले. विचारायला मागे कुणी उरलेलं नव्हतं.

वेळ तर चालली होती. मी तिला म्हटलं, तू पडून राहा, मी बघते. फोन कानाला लाव आणि मी सांगेन ते लिहून घे. ती फोन उशाशी घेत म्हणाली, अभिजितच्या खाली आलं की पहिलं माप सांगा, डोक्यावर आलं की दुसरं, आणि गुरूकडे जाताना तिसरं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

गच्चीचं दार उघडंच होतं. दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण नातवंडांना घेऊन आधीच वर आली होती, आणि पोरं रॉकेटसाठी बाटली शोधत होती. धूर झाला असता तर सगळंच मुसळ केरात. मी तिला म्हटलं, “थोडा देर रॉकेट मत छोडने दो, उपर ग्रहण है.” तिने घाबरून वर पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि पोरांना ओढून जिन्यात नेऊन बसवलं. कशी का होईना, गच्ची मोकळी झाली.

राईच्या बाजूला आभाळ अजून तांबूस होतं. पूर्वेला डोंगरांवर गुरू चांगला ठळक दिसत होता. अभिजित मात्र कुठे असतो हे ठाऊक होतं म्हणूनच सापडला, सुईने टोचल्याएवढा. आजूबाजूच्या इमारतींवर आकाशकंदील लागत होते. मी फोन कानाशी धरला आणि नोकरीतला आवाज काढला, स्पष्ट, तुटक, एकेक शब्द सुटा.

ते आलं. मला क्षणभर वाटलं की दुसराच कुठला तरी उपग्रह असेल, इतकं साधं दिसत होतं. पण चाल तीच, न लुकलुकता सरळ येणारी. रोज अभिजितच्या खाली येईपर्यंत ते आभाळातल्या सगळ्यांच्या वरचढ झालेलं असतं, गुरूला तर विचारत नाही. त्या दिवशी नाही. मी एकदा गुरूकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, पुन्हा गुरूकडे. धुराने असेल म्हणावं तर शेजारी अभिजित जसाच्या तसा.

“गुरूपेक्षा कमी,” मी फोनवर सांगितलं. “रोजच्या रुपयातले बारा आणेच आहेत. मंद आहे गं. नक्की मंद आहे.”

हे पुढे तिच्या ग्रुपवर गेलं तेव्हा निरीक्षण करणाऱ्याच्या जागी तिने ‘सासूबाई’ असं लिहिलं, आणि भूजच्या आजोबांनी मला जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. पण ते नंतरचं. तेव्हा फोनवर काहीच ऐकू येत नव्हतं. मला वाटलं लाइन गेली. मग ती अगदी हळू बोलली, माझ्या अधू कानाला जेमतेम पोचेल एवढंच.

“आई, मागच्या वेळी मी रोज वर जायचे.”

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ते बाहेर पडलं होतं. मी मान खाली केली नाही. नजर स्थानकावर, फोन कानाला, आणि जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून त्याच ऑपरेटरच्या आवाजात निघालं.

“माझ्या पहिल्या वेळी ग्रहण आलं होतं. मी सगळं पाळलं. दिवसभर काळोख्या खोलीत पडून होते, पाण्याचा थेंब घेतला नाही, कूस बदलली नाही. सासूबाई दारात बसून होत्या. तरी माझं आठव्या महिन्यात गेलं. पाळल्याने राहिलं नाही, बाळा. मग तुझं वर जाण्याने कसं जाईल?”

फोन कट झाला. स्थानक आता जवळजवळ डोक्यावर आलं होतं आणि वाढत होतं, कुणीतरी वात पुढे सारावी तसं, घाई न करता. मी दुसरं माप सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ऐकायला कुणी नाही. आपण भलत्या वेळी भलतं बोललो, पोरीला अजून घाबरवून ठेवलं, असं मला वाटलं.

मागे लिफ्टचं दार वाजलं. मग वरच्या जिन्यावर पावलं. शेजारीण जिन्यातून काहीतरी विचारत होती, त्याला उत्तर न देता सून वर आली. ओले केस तसेच, अंगावर माझी शाल. दाराशी थांबली नाही. सरळ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वर पाहिलं. मी नुसतं बोट दाखवलं.

“अजून पूर्ण सुटलेलं नाही,” ती म्हणाली.

“असू दे,” मी म्हटलं. “कुलाचार मी सांगायचा ना? मग मी सांगतेय. बघ.”

तिने बघितलं. तोंड किंचित उघडं, चष्म्यावर अजून आंघोळीचं पाणी, आणि एक हात नकळत पोटावर. तिला त्या वेळी किती दिसलं असेल देव जाणे, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी श्रावणात पाहिलं होतं आणि त्यानंतर पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं, आणि ते मी लपवलं नाही. पुढे चैत्रात आम्हाला नात झाली, धडधाकट, सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेणारी. पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं? ठाऊक नसतानाच ती वर आली होती.

स्थानक गुरूच्या बाजूने उतरायला लागलं, आता चांगलं झळझळीत. तिसरं माप आम्ही दोघींनी मिळून घेतलं. गुरूपेक्षा जास्त, दोघींचं एकमत. मग ते डोंगरावरच्या धुरकटात गेलं. खालून कुणीतरी पहिली माळ लावली आणि सगळं शांती नगर एकदम तडतडायला लागलं. आता खाली जाऊ, काहीतरी पोटात घाल, असं मी म्हणणार होते.

ती तिथेच उभी होती. ते जिथे दिसेनासं झालं तिकडेच बघत तिने विचारलं,

“आई, मुलगी होती की मुलगा?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सासूने नाही, माहेरच्यांनी नाही, ह्यांनीसुद्धा तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मला वाटलं होतं, कुणी विचारलंच तर माझ्याने बोलवणार नाही.

“मुलगी,” मी सांगितलं. “दाट जावळ होतं तिला.”